वाडीची मोजदाद

जर्दाळू पिकायला लागला की कोक-सेंगिर वाडीत कुणाला मान वर करायची फुरसत नसते. फळ एक दिवस जास्त झाडावर राहिलं की टपाटपा खाली पडतं, आणि फुटलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. त्या वर्षी ऊन असं तापलं की डोंगराच्या कुशीतल्या सगळ्या बागा एकदमच पिवळ्याधमक झाल्या. वाडीत तरणे गडी उरलेच नव्हते. कुणी मॉस्कोत बांधकामावर, कुणी गोदामात, कुणी बर्फ ओढायला. झाडावर चढायचं ते बायकांनी आणि खाली चादर धरून उभं राहायचं ते म्हाताऱ्यांनी.

उमसुनाय शिडीच्या वरच्या पायरीवर होती. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरत होते, पण फांदी हलवायचा तिचा हात अजून पक्का होता. खाली तिचा नवरा सादिरबाय डोक्यावरची उंच, जाड लोकरीच्या नमद्याची टोपी मागं सारून चादर ओढत होता. सून एलनुरा पेट्या भरत होती. नात आयपेरी, तीन वर्षांची, तिला कमरेला ओढणी बांधून बुंध्याशी अडकवली होती. सगळ्याच बायका असं करत. नाहीतर पोरांना ठेवायचं कुठं?

"अगं, पोर कुठाय?" सादिरबाय एकदम म्हणाला.

ओढणी बुंध्याशी होती. गाठ सुटली होती.

बागेच्या कडेनं पाट वाहत होता. त्या आठवड्यात पाणी वाडीच्या पाळीचं होतं, पाट काठोकाठ भरलेला. उमसुनाय शिडीवरून उतरली की पडली ते तिला नंतर कधी आठवलं नाही. ती धावली तेव्हा खालच्या वळणावर कुणीतरी आधीच पाण्यात उभं होतं. पांढरा कोट, छातीपर्यंत भिजलेला. बुरुलकान होती ती.

बुरुलकान वाडीतल्या दवाखान्याची बाई. शिक्षण नर्सचं, पण सारं गाव तिला डॉक्टरीणच म्हणे. पाटाच्या कडेलाच तिची दोन खोल्यांची इमारत. खिडकीतून तिला पाण्यात तांबडं काहीतरी गरगरताना दिसलं, ती बुटांसकट उतरली. पोरीला तिनं काठावर आडवी केली, तोंडात बोट घातलं, छाती दाबली, तोंडाला तोंड लावून फुंकलं. आयपेरीचे ओठ निळे पडले होते. एलनुरा नुसती "आई गं, आई गं" करत जमिनीवर हात आपटत होती.

"गप्प बस!" बुरुलकान ओरडली. "मला ऐकू दे."

मग पोरगी ओकली. पाणी, जर्दाळूचा लगदा, आणि मग रडणं. ते रडणं ऐकून सादिरबाय टोपी तोंडावर धरून हुंदके देऊ लागला. उमसुनायनं नवऱ्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बायका सरपंचाकडं गेल्या. कचेरी खालच्या गावात. सरपंच तोरोगेल्दी माणूस वाईट नव्हता, पण त्याला उभ्यानं बोलायची सवय होती, म्हणजे समोरच्यालाही बसायला सांगावं लागत नाही.

"बालवाडी पाहिजे," उमसुनाय म्हणाली. "किती वर्षं मागतोय आम्ही. आता पोर मरता मरता वाचली."

"वैनी, बालवाडी पोरांसाठी असते. तुमच्या वाडीत पोरं कुठायत?"

"मग काय कोकरं आहेत ती?"

बायका हसल्या. तोरोगेल्दीही हसला. "मला दिसतात गं. जिल्ह्याला दिसत नाहीत. तुमची निम्मी पोरं रशियात जन्मलेली. नोंद तिकडं, आणि पोरं इकडं आज्यांच्या मांडीवर. कागदावर तुमची वाडी म्हणजे नुसती धट्टीकट्टी माणसं. कागद बघितला तर वाटेल, कोक-सेंगिरमधून फौज उभी करता येईल."

"कागद दाखवा तरी."

"तो जिल्ह्याला."

बिश्केकहून एक मुलगी येत असे, बेगायिम नावाची. कुठल्याशा संस्थेची. गावोगाव बायकांना गोळा करून सांगायची, की सरकारकडं तुमच्याबद्दल जी माहिती आहे ती तुमचीच आहे. ती बघायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती चुकीची असली तर गावाचं नियोजनही चुकणारच. केस आखूड, पण म्हाताऱ्यांसमोर मान लववून बोलायची, म्हणून बायकांना आवडायची. तिनं उमसुनायला सांगितलं, "काकू, अर्ज करा. नाही म्हणाले तर मला फोन लावा."

उमसुनाय जिल्ह्याला गेली. बरोबर उत्तम जर्दाळूची एक पेटी घेतली, रिकाम्या हातानं कुणाच्या दारात कसं जायचं म्हणून. आकडेवारीच्या खात्यात एक तरुण कारकून बसला होता, घड्याळ चमकवणारा. त्यानं पेटी टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, "काय काम?"

"आमच्या वाडीचे आकडे पाहिजेत. पोरं किती, म्हातारे किती, सगळे."

"आकडे घेऊन काय करणार, मावशी? रस्सा?"

मागं बसलेल्या दोघी फिस्सकन हसल्या. उमसुनायनं डोक्यावरच्या ओढणीचं टोक हातात गुंडाळलं. ती बाहेर बाकावर जाऊन बसली. दुपारी कारकून जेवायला गेला, आला, चहा प्याला. तिनं आणलेले जर्दाळू त्यानं वाटीत घालून सगळ्यांना फिरवले. तिच्याही पुढं वाटी आली. "घ्या की मावशी, गोड आहेत."

तेव्हा मात्र तिनं बेगायिमला फोन लावला आणि तो तसाच त्याच्या कानाशी धरला. पलीकडं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. कारकुनाचा चेहरा पडला. यंत्रातून कागद बाहेर आला, अजून ऊन ऊन.

"घ्या," तो म्हणाला. "रस्सा करा."

घरी येईस्तोवर तिनं तो कागद छातीशी धरला होता. म्हाताऱ्या शिक्षकानं तो सगळ्या बायकांना वाचून दाखवला. आकड्यांखाली घरवार नावंही होती. तोरोगेल्दी म्हणाला होता तेच खरं. मॉस्कोतला बाकित, तिचा मुलगा, वाडीत हजर. शेजारच्या झुराचे तिन्ही मुलगे हजर. परदेशात देवाघरी गेलेला एक जणही हजर. आणि तिच्या डोळ्यांपुढं अंगणात कोंबडीमागं पळणारी आयपेरी, मॉस्कोत जन्मलेली, ती मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी बायका जर्दाळू फोडायला बसल्या. फळ अंगठ्यानं उघडायचं, बी काढायची, फाकी बोरूच्या चटईवर उताणी मांडायची. रसानं अंगठे चिरले होते, त्यात फाकी काळी पडू नये म्हणून दिलेल्या गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत होते. बुरुलकानही दवाखाना बंद करून मदतीला आली होती. ती आणि उमसुनाय एकाच वर्षी या वाडीत सुना म्हणून आल्या. बुरुलकानला मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला. पण वाडीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापलेली.

"उमसुन," ती हळूच म्हणाली, "तो कागद ठेवून दे."

"का गं?"

"माझा दवाखाना त्याच कागदावर उभा आहे. अमुक इतकी माणसं असली तर वाडीला दवाखाना, नाहीतर खालच्या गावाचाच पुरे, असं त्यांचं गणित. खरी माणसं मोजली तर आपण त्यात बसत नाही."

उमसुनायचा अंगठा थांबला. "म्हणजे ते खोटं आहे, आणि तुला माहीत होतं?"

"खोटं म्हणजे काय? ते परत येणारच नाहीत का? जमिनी त्यांच्या, आयाबाप त्यांचे." बुरुलकाननं एक फाकी चटईवर ठेवली, उगाच पुन्हा सरळ केली. "त्यानं कुणाचं वाईट झालं?"

"माझ्या आयपेरीचं झालं असतं."

बुरुलकाननं पुढचं फळ उचललं. आपलं बोलणं बरोबर नव्हतं हे उमसुनायला तोंडातून जाताच कळलं. पोरीला पाण्यातून काढणारीलाच ती हे ऐकवत होती. पण शब्द गेला तो गेला.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं. सादिरबाय पायाला गरम पाण्याचा शेक घेत होता. सरळमार्गी माणूस. उभ्या जन्मात शेजाऱ्याच्या पाळीचं पाणी त्यानं कधी आपल्या बागेत वळवलं नाही.

"पोरांना बालवाडी पाहिजे ना?" तो म्हणाला. "मग खरं ते सांग. खऱ्याला कोण भितं? बालवाडी देतील म्हणून दवाखाना काढून नेतील, असं कुठं असतंय? ते खातं वेगळं, हे खातं वेगळं."

तिलाही तेच वाटलं. खातं वेगळं.

बेगायिमनं सांगितलं होतं, की वाडीनं स्वतः मोजदाद करून दिली तर जिल्ह्याला ती तपासावीच लागेल. उमसुनाय घरोघर फिरू लागली आणि पहिल्याच दिवशी अडली. पोरांची नावं सगळ्यांनी भराभरा सांगितली. परदेशी गेलेल्यांची कुणी सांगेना. "आमचा इथंच आहे की," झुरा म्हणाली, "आता जरा बाहेर गेलाय." तिच्या थोरल्या मुलाला रशियाला जाऊन दहा वर्षं होत आली होती.

शेवटी बुरुलकान स्वतःहून आली. पांढरा कोट घालून, बॅग घेऊन.

"चल," ती म्हणाली. "तुला कुणी सांगायचं नाही. मला सांगतील."

"बुरुल, तू कशाला—"

"चल म्हणते ना. करायचं तर नीट करू."

ती घरात शिरे, आधी म्हातारीचा रक्तदाब बघे, पोराचा घसा बघे, आणि मग चहाचा वाडगा हातात घेऊन हलकेच विचारी. झुराच्या घरी दस्तरखानावर, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, तीन वाडगे उपडे मांडलेले होते. तिघा मुलांच्या नावानं ती रोज मांडायची, रोज उचलायची.

"लिहिलंस तर ते गेले असं होईल," झुरा म्हणाली.

"लिहिल्यानं कुणी जात नाही, अक्का. आणि न लिहिल्यानं कुणी येत नाही." बुरुलकाननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. झुरानं तिघांचीही नावं सांगितली आणि तोंड भिंतीकडं वळवलं.

सर्वांत शेवटी उमसुनायचं घर. बुरुलकाननं विचारलं, "बाकित?" उमसुनाय चहा ओतायला वळली. सादिरबायनंच उत्तर दिलं, खिडकीतून बाहेर बघत. "घरी नाही. लिही."

पानगळ सुरू झाली तेव्हा जिल्ह्याची माणसं तपासायला आली. मोजदाद बिनचूक निघाली. त्यांनी कौतुक केलं, फोटो काढले, बेगायिमनं उमसुनायला मिठी मारली. बालवाडी मंजूर झाली. वाडीनं मेंढी कापून मोठ्या कढईत पलाव केला. बुरुलकाननं गाजरं चिरली. त्या दिवशी ती खूप हसली, असं सगळ्यांना वाटलं.

दवाखाना बंद झाल्याचं पहिल्या बर्फाबरोबर कळलं. तोरोगेल्दी स्वतः वर आला, या वेळी उभा न राहता बसला. नव्या वर्षापासून दवाखाना खालच्या गावाला जोडला जाणार होता.

"पण ते आकडे आम्ही बालवाडीसाठी दिले होते!" उमसुनाय म्हणाली.

"वैनी, आकड्यावर कशासाठी ते लिहिलेलं नसतं. तुम्हीच म्हणालात ना, सगळं उघड पाहिजे? उघड झालं. आरोग्य खात्यानंही बघितलं."

आणि बालवाडीला नवी इमारत बांधायला पैसे नव्हते. दवाखान्याच्या दोन खोल्या रिकाम्या होणार होत्या. त्यातच भरणार होती.

बुरुलकाननं भिंती स्वतः घासल्या. औषधांचं कपाट खाली गेलं, तपासायचं बाकडं गेलं. वजनकाटा मात्र तिनं ठेवला. "पोरांना उपयोगी पडेल," म्हणाली. खालच्या दवाखान्यात तिच्यासाठी जागा नव्हती. तिथं आधीच एक होती, तरुण. किल्ली उमसुनायच्या हातात देताना तिचे हात चुन्यानं पांढरे झाले होते. उमसुनायला काहीतरी बोलायचं होतं. पण बुरुलकाननंच विचारलं, "चूल पेटते का नीट? धुराडं साफ करून घे, नाहीतर पोरं खोकतील."

वाडीनं उमसुनायला बालवाडीची स्वयंपाकीण नेमलं. तिनं मागितलं नव्हतं. दुसरं कुणी पुढं आलं नाही. पण झुरा पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "डॉक्टरणीची खुर्ची काढून आपलं पातेलं ठेवलं बरोब्बर." उमसुनायनं बादली भरली, उचलली आणि चालू लागली. अर्धं पाणी वाटेत सांडलं.

बुरुलकान पुढच्याच महिन्यात रशियाला गेली. तिच्या वयाची कुणी बाई वाडीतून त्याआधी गेली नव्हती. मॉस्कोत एका घरी अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायचं काम मिळालं होतं. भाड्याच्या मोटारीपाशी वाडीतल्या बायकांनी तिच्यावर पीठ उधळलं, तिला भाकरीचा घास तोडायला लावून उरलेली ठेवून घेतली, परत येऊन खावी म्हणून. ती भाकरी उमसुनायकडं कुणी दिली नाही. झुरानं नेली.

थंडी संपता संपता, एका दुपारी, सादिरबाय गोठ्यात गवताचा भारा टाकत होता. उमसुनाय बालवाडीतून नुकतीच आली होती. भारा पडल्याचा आवाज आला, मग नुसतीच गाय हंबरली. ती गेली तर तो गवतावर बसला होता, टोपी तिरकी, आणि तिच्याकडं बघून काहीतरी सांगत होता. शब्द मात्र तोंडात चिखल धरल्यासारखे. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला.

"अहो! अहो, काय होतंय?"

ती पाटाकडं धावली. अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं, की आपण कुठं धावतोय. बालवाडीच्या खिडकीतून पोरांचं गाणं ऐकू येत होतं.

खालच्या दवाखान्याची नर्स लसीसाठी दुसऱ्या गावाला गेली होती. रस्त्यावर बर्फ वितळून परत गोठला होता, गाडी वर यायला तयार होईना. शेवटी झुराच्या जावयानं ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गादी टाकली, त्यावर सादिरबायला निजवलं, उमसुनायनं त्याचं डोकं मांडीवर धरलं. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडातून लाळ तिच्या हातावर येई. मोठ्या इस्पितळात पोचेस्तोवर सूर्य मावळला.

"लवकर आणलं असतं," तिथला डॉक्टर म्हणाला. "तुमच्या गावात कुणी नाही का?"

"होती," उमसुनाय म्हणाली.

सादिरबाय जगला. घरी आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बाकितनं पैसे पाठवले, स्वतः यायला त्याला सुट्टी मिळाली नाही. उमसुनाय पहाटे नवऱ्याला पुसून, भरवून बालवाडीत जाई, पोरांची लापशी ढवळे, दुपारी पळत घरी येई. तोवर एलनुरा त्याच्यापाशी बसे. तो तिच्याकडं बघत राही. त्या बघण्यात राग आहे का, हे तिनं शोधून शोधून पाहिलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

जर्दाळूला फूल आलं तेव्हा ती पुन्हा जिल्ह्याला गेली. वाडीला आठवड्यातून एक दिवस तरी नर्स द्या, एवढंच मागायला. या वेळी पेटी नव्हती, ऋतूच नव्हता. तोच कारकून होता. त्यानं तिला ओळखलं, उठून खुर्ची दिली, पडदा तिच्याकडं वळवला. हसला नाही.

"बघा मावशी. आता सगळं असंच दिसतं, घरबसल्या. तुमची वाडी इथं." त्यानं बोट ठेवलं. "या आकड्याला नर्स बसत नाही. आकडा चुकीचा असेल तर सांगा, मी दुरुस्तीला टाकतो."

उमसुनायनं पडद्याकडं पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, पण डोळ्यांपुढं अक्षरं पोहत होती.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "आम्हीच मोजलंय."

"एक बाई कमी झाली, एवढाच बदल. नव्या वर्षानंतर परदेशी गेलेली." कारकुनानं तिच्यापुढं पाण्याचा पेला ठेवला. ती न पिताच उठली.

बुरुलकानचा फोन दर शुक्रवारी येई. ती स्वतःहून करायला लागली होती, सादिरबायचं कळल्यापासून. जिल्ह्याहून आल्यावरच्या शुक्रवारी उमसुनायनं फोन उशाशी टेकवून ठेवला, म्हणजे पडद्यावर तिला सादिरबाय दिसेल. बुरुलकान तिकडं सुजल्यासारखी दिसत होती. तिच्या मागं जाड पडदे होते.

"टाच दाखव," ती म्हणाली. "अजून जवळ. तांबडं आहे. दाबून बघ, पांढरं होतं का?"

"होतं."

"मग जखम व्हायला अजून वेळ आहे. पण एका कुशीवर ठेवू नकोस त्याला. दर दोन तासांनी वळवायचं. तेल लावतेस?"

"लावते." उमसुनायनं त्याचा पाय पांघरुणात घेतला. "बुरुल, मी जिल्ह्याला गेले होते."

"बरं."

"काही झालं नाही."

"होणार नव्हतंच."

"तू सांगितलं होतंस मला. तेव्हा, जर्दाळू फोडताना. मी ऐकलं नाही. आणि मी जे बोलले आयपेरीवरून—"

बुरुलकान मागं वळली, खिडकीच्या पडद्याची चुणी उगाच सरळ केली.

"पोरं किती येतात आता?" मग तिनं विचारलं.

"सगळी येतात. कालपासून झुराचा नातूही यायला लागला."

"आयपेरी?"

"ती तर सकाळी माझ्या आधी दारात उभी असते."

"लापशीत दूध घालतेस ना? की नुसतं पाणी?"

"दूध घालते."

"घालत जा." बुरुलकाननं नाक पुसलं. चुकलीस असं ती म्हणाली नाही, नाही चुकलीस असंही म्हणाली नाही. तिच्या मागच्या खोलीतून घंटा किणकिणली. कुणी तरी हातानं वाजवत होतं, थांबून थांबून.

"माझी म्हातारी," ती म्हणाली. "तिलाही वळवायची वेळ झाली. हे बघ, डावा हात त्याच्या खांद्याखाली घाल, उजवा कमरेखाली. ओढू नकोस, आपल्या अंगावर घे त्याला. तूही वळव आता. मी तिकडं जाते."

पडदा काळा झाला. उमसुनायनं गुडघे टेकले. डावा हात सादिरबायच्या खांद्याखाली घातला, उजवा कमरेखाली, आणि त्याला आपल्या अंगावर घेतलं. तो जड होता, भरल्या पोत्यासारखा. त्याचा चांगला हात वर आला, चाचपडत तिच्या बाहीपर्यंत पोचला, आणि त्यानं ती घट्ट धरली. ती तशीच राहिली, त्याचं सगळं वजन छातीवर पेलत, मग हळूहळू त्याला दुसऱ्या कुशीवर उतरवू लागली.